‘फ्रेश’ या शब्दाचे वैरी

इंग्रजींतील ‘फ्रेश’ हा शब्द आतां महाराष्ट्रांत कोणाला शिकवावा लागत नाहीं. भाजीवाला तो वापरतो, दूधकेंद्राच्या पाटीवर तो असतो, आणि प्रवासाहून आलेला जांवई ‘जरा फ्रेश होऊन येतों’ असें म्हणाला म्हणजे घरांतील म्हातारी त्याला कांहीं न विचारतां न्हाणीघराची वाट दाखविते. पूर्वीं याच प्रसंगीं ‘हातपाय धुऊन घ्या’ असें म्हणत. त्यांत पाणी होतें, पाय होते, प्रवासाची धूळ होती. नव्या शब्दांत यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. पण शब्द रुळला आहे, आणि रुळलेल्या शब्दाशीं भांडण उकरून काढण्यांत अर्थ नाहीं. विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. या एका शब्दाच्या पोटांत आठ-दहा अर्थ आहेत, आणि त्यांतील प्रत्येकासाठीं मराठीजवळ स्वतंत्र शब्द आहे. हे मराठी शब्द एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. आणि एका ठिकाणीं तर ते चालवून घेतले असतां माणसांचें नुकसान होतें.

समानार्थी शब्दांची यादी करणें सोपें असतें आणि फसवेंही असतें. मोल्स्वर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं मुंबईंत निघाला. इंग्रजी शब्दापुढें मराठी शब्दांची रांग मांडण्याची रीत अशा कोशांनीं मराठी वाचकाच्या अंगवळणीं पाडली. रांग उपयोगाची खरी. परंतु तिच्यांतील एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागीं बसवितां येतो असा समजही तिच्यामुळेंच होतो. ‘फ्रेश’च्या पुढें ताजा, ओला, कोवळा, नवा, कोरा, टवटवीत, नवखा, गोडा हे शब्द ओळीनें लिहिले तर ते सख्खे भाऊ वाटतात. वास्तविक ते एका वाड्यांतले बिऱ्हाडकरू आहेत. वाडा इंग्रजाचा, भाडेकरू निरनिराळ्या गांवचे. त्यांची ओळख पटवून घ्यावयाची तर प्रत्येकाला ‘तुझा वैरी कोण?’ एवढेंच विचारावें. ताज्याचा वैरी शिळा. ओल्याचा सुका. कोवळ्याचा जून. नव्याचा जुना. कोऱ्याचा वापरलेला, टवटवीताचा मरगळलेला, नवख्याचा मुरलेला, आणि गोड्याचा खारा. वैरी आठ निघाले, तेव्हां अर्थही आठ निघाले.

ही परीक्षा घ्यावयास पेणच्या बाजारासारखी जागा नाहीं. पूर्वीचा कुलाबा जिल्हा, ज्याला १९८१ पासून रायगड म्हणतात, त्यांत पेण हें भोगावतीच्या कांठीं वसलेलें गांव. पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याची डोंगरपट्टी, पश्चिमेला धरमतरच्या खाडीभोवतीं पसरलेला खारेपाट. एका बाजूनें डोंगराची भाजी येते, दुसऱ्या बाजूनें खाडीची मासळी येते, आणि दोन्ही एकाच रस्त्यावर मांडलेल्या असतात.

मासळीवालीजवळ ‘ओली’ आणि ‘सुकी’ असे दोन भाग असतात. ओली म्हणजे पाण्यांतून काढलेली, सुकी म्हणजे उन्हांत वाळविलेली: सुकट, जवळा, बोंबील. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्याला लागल्या म्हणजे कोंकणांतील घराला सुक्या मासळीचाच आधार असतो. आतां ओली मासळी ती ताजी असेलच असें नाहीं. काल सकाळीं धरलेली, बर्फावर ठेवलेली मासळी ओली खरी, पण शिळी. उलट यंदाच्या हंगामांतील सुकट ताजी, गेल्या वर्षाची जुनाट. म्हणजे मासळीच्या पाटींत ताजें-शिळें आणि ओलें-सुकें अशीं दोन जोडपीं एकमेकांना छेदून जातात आणि चार प्रकार तयार होतात. इंग्रजी ‘फ्रेश’ यांतील एकाच प्रकाराला चिकटतो. उरलेल्यांची त्याला फारशी दाद नाहीं.

भाजीचेंही तेंच. भेंडी घेणारी बाई भेंडीचें टोंक मोडून पाहते, तें ती ताजी आहे कीं नाहीं यासाठीं नव्हे. तिला भेंडी कोवळी आहे कीं जून, हें पाहावयाचें असतें. आज पहाटे तोडलेली भेंडीही जून असूं शकते, आणि मग तिचा ताजेपणा कोणाच्या उपयोगाचा नसतो. ओलें खोबरें, ओले काजू, ओली जखम, ओला रंग, ओली बाळंतीण: या सर्वांचें इंग्रजी करावयास बसलें तर चार ठिकाणीं ‘फ्रेश’ बसतो, पांचव्या ठिकाणीं हंसें होतें. फुलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. ताज्या फुलाच्या समोर कोमेजलेलें फूल उभें करावें हें निसर्गाला धरून झालें. पण देवघरांत ताज्या फुलाचा खरा विरुद्धार्थी शब्द ‘निर्माल्य’ हा आहे. सकाळीं वाहिलेलें फूल दुसरे दिवशीं टवटवीत असलें तरी तें निर्माल्यच. तेथें वेळ आणि वास दोन्ही गौण, विधि मुख्य.

तांदळाच्या दुकानांत तर ‘फ्रेश’ची पत अगदींच जाते. पेण आणि रोहें हे दोन्ही तालुके भाताचे. नव्या तांदळाचा भात चिकट होतो. म्हणून जाणतें गिऱ्हाईक जुना तांदूळ मागतें आणि त्यासाठीं जास्त पैसे मोजतें. ‘ताजा तांदूळ’ असें कोणी म्हणत नाहीं. लोणच्याच्या बाबतींत ‘मुरलेलें’ ही स्तुति आहे. इंग्रजींत ‘फ्रेश’ या शब्दांत सहसा स्तुति गृहीत धरलेली असते. मराठींत ती वस्तूकडे पाहून ठरते.

‘शिळा’ या शब्दाकडे येथें क्षणभर वळावयास हरकत नाहीं. तो संस्कृत ‘शीतल’ पासून आला. शिळें म्हणजे मुळांत थंड झालेलें. चुलीवरून उतरून निवालेलें अन्न तें शिळें. शिळासप्तमीला आदल्या दिवशींचें थंड अन्न खातात, त्यांत हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. दुधाची प्रतिष्ठा ‘धारोष्ण’ असण्यांत, म्हणजे गाईच्या अंगाची ऊब त्यांत शिल्लक असण्यांत. मराठीनें ताजेपणा असा उबेशीं जोडला. इंग्रज थंड देशाचा असून त्यानें ‘फ्रेश’ हा शब्द थंड वाऱ्याला लावला. गार वाऱ्याची झुळूक त्याला ‘फ्रेश’ वाटते, आणि मराठी माणसाला गार झालेला भात शिळा वाटतो.

येथपर्यंत सारें स्वयंपाकघराचें आणि बाजाराचें झालें. शब्द चुकला तर फार तर भाजी चुकेल. पाण्यापाशीं आल्यावर मात्र गोष्ट गंभीर होते.

‘फ्रेश’ हा शब्द इंग्रजी भाषेच्या सर्वांत जुन्या थरांत ‘फेर्श’ असा होता, आणि त्या काळीं त्याचा ठळक अर्थ ‘ज्यांत मीठ नाहीं तें’ असा होता. समुद्राचें नव्हे तें पाणी ‘फेर्श’. पुढें तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंच भाषेंतील त्याच्या सजातीय शब्दाच्या संगतीनें त्याचें रूप बदललें आणि अर्थाचा पसारा वाढला. म्हणजे ताजेपणा हा या शब्दाला मागाहून जडलेला अर्थ. मीठ नसणें हा मूळचा. मराठींत ‘ज्यांत मीठ नाहीं तें’ याला एक शब्द आहेच: अळणी. तोही ‘अलवण’ यापासून निघाला. पण अळणी ही शिवी आहे. अळणी आमटी पानांत पडली म्हणजे जेवणारा तोंड वांकडें करतो. तेंच मीठ पाण्यांत नसलें तर त्याला कोणी अळणी पाणी म्हणत नाहीं. त्याला ‘गोडें पाणी’ म्हणतात. पाण्यांत साखर नसते, तें गोड लागत नाहीं. मीठ नाहीं एवढ्यावर त्याला गोडवा दिला गेला आहे. कोशाच्या दृष्टीनें अळणी आणि गोडें हे या ठिकाणीं समानार्थी. पण एक निंदेचा, एक वरदानाचा. समुद्राकांठच्या लोकांनींच ही निवड केली असली पाहिजे.

त्याहून नवल ‘मीठ’ या शब्दाचें. तो ‘मिष्ट’ या शब्दाच्या कुळांतला, आणि मिष्ट म्हणजे रुचकर, गोड. मिठाई आणि मीठ एकाच घरचीं. गुजरातींत तर ‘मीठुं’ म्हणजे मीठही होतें आणि गोडही होतें. मीठुं पाणी म्हणजे गोडें पाणी. मराठींत मिठाचें नांव गोडाच्या कुळांतून आलें आणि त्याची चव मात्र ‘खारट’ राहिली. परस्परविरुद्ध अर्थ एका धातूच्या पोटांत नांदतात याचें याहून चांगलें उदाहरण शोधावें लागेल.

तसाच ‘पाणी’ हा शब्द. अमरसिंहाच्या कोशांत पहिल्या कांडांतील वारिवर्गांत पाण्याला पंचविसांहून अधिक नांवें दिलीं आहेत. रोह्याशीं ज्यांच्या घराण्याचा संबंध, आणि १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झालेले जे चिंतामणराव देशमुख, त्यांनीं अमरकोशांतील वेंचक शब्दांवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें आहे. अर्थखात्याच्या माणसाला समानार्थी शब्दांची हौस असावी हें सांगण्यासारखें आहे. अमराची व्यवस्था अशी, कीं एका वस्तूचीं अनेक नांवें असतील तर तीं त्या त्या वर्गांत, आणि एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तर तो तिसऱ्या कांडांतील नानार्थवर्गांत. ‘फ्रेश’ संस्कृत असता तर या नानार्थवर्गांत गेला असता. पाण्याच्या त्या नांवांत सलिल, जल, तोय, नीर, उदक अशीं काव्यांतून परिचित झालेलीं नांवें आहेत, आणि त्यांतच एक ‘पानीय’ आहे. मराठी पाणी तें हेंच. पानीय म्हणजे पिण्याजोगें. एवढा अर्थ शब्दांत आधींच भरलेला असतां, खारेपाटांत ‘पाणी’ म्हणून भागत नाहीं; पिण्याजोगें पाणी म्हणावयाचें तर त्याच्यापुढें ‘गोडें’ जोडावें लागतें. चोहोंकडे पाणी असतांना पाण्याला स्वतःचा मूळ अर्थ मिळविण्यासाठीं विशेषणाचा आधार घ्यावा लागतो, अशी त्या प्रदेशाची स्थिति आहे.

खारेपाट म्हणजे खाडीच्या भरतीपासून मातीच्या बांधांनीं हिसकावून घेतलेली भातजमीन. बांधांत ठिकठिकाणीं दारें असतात, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटी लागली म्हणजे शेतांत सांचलेलें पावसाचें पाणी उघाडींतून बाहेर जातें. भरती आली म्हणजे तीच उघाडी खाडीचें पाणी अडविते. सारी शेती या एका उघडझापेवर उभी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत बांधाला खांड पडली, वेळींच बुजविली गेली नाहीं, आणि खारें पाणी शेतांत शिरलें, तर त्या वर्षीचें पीक जातें एवढ्यावर थांबत नाहीं. जमीन खारी होते. तिच्यांतील मीठ पावसानें धुऊन निघून ती पुन्हां गोडी होण्यास कांहीं पावसाळे जावे लागतात, आणि तेंही बांध धड राहिला तर. नाहीं राहिला, तर तेथें तिवर उगवतात. मच्छीमाराला तिवर हवे असतात, कारण त्यांच्या मुळांशीं मासळीचीं पिल्लें वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर ते तोडण्यासही बंदी झाली. त्यामुळें तिवर उगवलेलें शेत पुन्हां शेत होणें अवघड. एकाला जी नासाडी ती दुसऱ्याला उपज.

जमीन गोडी आणि जमीन खारी हे शब्द काव्यांतले नव्हेत, सातबाराच्या चिंतेंतले आहेत. खारें पाणी थोडेंफार सोसणाऱ्या भाताच्या जाती या प्रदेशानें पूर्वींपासून सांभाळल्या. काळा राता, भुरा राता हीं नांवें शेतीच्या अभ्यासकांना परिचित आहेत, आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानें पनवेल या नांवाच्याच सुधारलेल्या जाती काढल्या. बांधांची जबाबदारी कोणाची, खोताची कीं कुळाची कीं सरकारची, हा या भागांतला जुना तंटा. १९४८ सालीं मुंबई राज्यानें खार जमिनींचा कायदा केला, १९७९ सालीं महाराष्ट्रानें नवा केला. कायदे झाले तरी खांडी पडावयाच्या राहिल्या नाहींत. भाल, विठ्ठलवाडी या बाजूच्या गांवांना त्याचा अनुभव आहे.

याच तालुक्यांत मिठागरेंही आहेत, आणि तेथें सारा हिशेब उलटा होतो. मिठागरांत खाडीचें खारें पाणी मुद्दाम आंत घेतात, उन्हानें आटवितात, आणि वाफ्यांत मीठ धरवितात. त्या माणसाला पाणी जितकें खारें तितकें चांगलें. वैशाखांत अवेळीं पावसाची सर आली, म्हणजे आकाशांतून शुद्ध गोडें पाणी पडलें, तर त्याचें आठवड्यांचें काम विरघळून जातें. बांधाच्या एका बाजूला गोड्याचा वैरी खारा आहे, दुसऱ्या बाजूला खाऱ्याचा वैरी गोडा. जोडपें तेंच, वैरी कोणास म्हणावें हें मात्र बांधाच्या कोणत्या बाजूला उभें राहिलें आहे त्यावर ठरतें.

या दोहोंच्या मध्यें एक तिसरा शब्द आहे, ‘मचूळ’. विहिरीचें पाणी माघापर्यंत गोडें असावें, फाल्गुनांत मचूळ व्हावें आणि वैशाखांत खारें व्हावें, हें खाडीलगतच्या विहिरींच्या बाबतींत नवें नाहीं. शाळेच्या पुस्तकांतील जोडप्यांना असा मधला शब्द माहीत नसतो. तेथें ‘ताजें’च्या समोर ‘शिळें’ असतें आणि ‘गोड’च्या समोर ‘कडू’ असतें. वाशीच्या किंवा शिर्कीच्या मुलानें ‘गोड’ समोर ‘खारें’ लिहिलें तर त्याचा गुण कापण्यापूर्वीं मास्तरांनीं एकदां त्याच्या घरची विहीर पाहावी.

आतां खरा अनर्थ कोठें होतो तें. इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरांत ‘फ्रेश वॉटर’ याला ‘ताजें पाणी’ असें छापलेलें अलीकडे वरचेवर आढळतें. भाषांतर करणाऱ्यानें, किंवा आतांशा भाषांतर करणाऱ्या यंत्रानें, रांगेंतला पहिला शब्द उचललेला असतो. शहरांतील नळाच्या माणसाला त्यांत कांहीं खटकत नाहीं. पण खारेपाटांतील बाईच्या घरांत हा शब्द नेऊन पाहावा. खाडीजवळच्या विहिरींतून तिनें आतां काढलेला हंडा ताजा आहे. तो खारा आहे. तीन दिवसांपूर्वीं टँकर आला तेव्हां भरून, झांकून ठेवलेलें पिंपांतील पाणी शिळें आहे. तें गोडें आहे. मुलाला प्यावयास ती कोणतें देईल? ‘ताजें पाणी पुरविण्यांत येईल’ असें आश्वासन कोणी तिला लेखी दिलें, तर तें आश्वासन पहिल्या हंड्यानेंही पुरें होतें. ‘गोडें पाणी’ असें लिहिलें तरच देणारा बांधला जातो. ज्या शब्दाचा वैरी चुकला त्याचा अर्थ चुकला, आणि अर्थाबरोबर हक्कही सुटला.

हक्काचा उल्लेख उगाच केलेला नाहीं. पेण तालुक्यांत हेटवणें येथें धरण आहे. त्याचें पाणी नवी मुंबईकडेही जातें. पेण, उरण आणि पनवेल या तालुक्यांतील जमिनी एका विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं घेण्याची कार्यवाही सुरू झाली, तेव्हां हेटवण्याच्या लाभक्षेत्रांतील शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनी वगळण्याची मागणी केली. २१ सप्टेंबर २००८ रोजीं शासनानें पेण तालुक्यांतील २२ गांवांच्या शेतकऱ्यांचें मत घेतलें. जमीन घेण्यापूर्वीं शेतकऱ्याला असें विचारलें गेल्याचें उदाहरण विरळा. तो प्रकल्प पुढें झाला नाहीं. त्या वादांत पैशाचा, नोकऱ्यांचा आणि राजकारणाचा भाग होता हें खरें. पण शेतकऱ्याच्या म्हणण्याचा पाया पाहिला तर तो एका विशेषणावर उभा होता. धरणाचें पाणी ज्या शेतापर्यंत पोंचावयाचें तें गोडें शेत, त्यांत पावसाळ्यानंतरही कांहीं पिकण्याची आशा. तें पाणी ज्याला नाहीं तें एकपिकी, खाडीच्या मेहेरबानीवरचें. नकाशावर लाभक्षेत्राची रेघ ओढणाऱ्यानें ‘ताजें’ आणि ‘गोडें’ यांची अदलाबदल केली असती तर त्या रेघेला कांहीं अर्थच उरला नसता.

पेणहून दक्षिणेस रोह्याला गेलें म्हणजे शब्दांची आणखी एक अडचण भेटते, आणि तिला अद्याप उत्तर नाहीं. रोहें कुंडलिकेच्या कांठीं आहे. कोंकणांतल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यांत आटतात, कुंडलिका आटत नाहीं, कारण तिचें पाणी अर्धें परदेशचें. घाटावर मुळशीला अडविलेलें पाणी नळांतून भिऱ्याच्या वीजघरांत उतरतें आणि तेथून कुंडलिकेंत सोडलें जातें. भिऱ्याचें वीजघर १९२७ सालचें. ज्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला, ज्यापायीं सेनापति बापटांनीं तुरुंगवास सोसला, त्याच धरणाचें पाणी रोह्याच्या बाजूला बारमाही वाहतें आणि तेथील कालव्यांतून शेतांना मिळतें. पेणच्या खारेपाटानें ज्या पाण्याची वाट पाहावी तें रोह्याला असें दाराशीं आलें.

पण बारमाही पाणी आहे म्हणून रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादींत कुंडलिकेचा रोह्याखालचा पट्टा नोंदला गेला. हें पाणी खारें नाहीं. शिळें म्हणावें तर तें रोज घाटावरून नवें येतें. इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणें तें निःसंशय ‘फ्रेश’. मराठींत त्याला गोडें म्हणावयास जीभ वळत नाहीं, आणि ‘गोडें’ याचा जो जुना वैरी तो येथें उभा करतां येत नाहीं. कागदोपत्रीं त्याला ‘दूषित’ असा शब्द आहे. पण खारें आणि मचूळ जिभेनें ओळखतां येतात. ओंजळभर पाणी तोंडांत घेतलें कीं निर्णय लागतो. दूषित ओळखावयास प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, आणि तो अहवाल ज्याच्या हातीं असतो तो नदीकांठीं राहणारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या माणसांनीं पाण्याची पारख जिभेनें केली त्यांची पारख या एका ठिकाणीं निरुपयोगी झाली आहे.

रोह्याच्या खालीं नदीची खाडी होते आणि ती रेवदंड्याला समुद्रास मिळते. मधल्या पाण्यांत जिताडा सांपडतो. गोडें आणि खारें दोन्ही पाणी त्याला मानवतें, म्हणून खारेपाटांतले शेतकरी शेताजवळच्या तळ्यांतही तो पोसतात. या जिल्ह्यांत पाहुण्याला जिताडा खाऊं घालणें हा मोठा मान. बाजारांत तो येतो तेव्हां ओला असतो, बहुधा सकाळचाच असतो. तरीही कुंडलिकेची हकीकत ज्याच्या कानीं आली आहे तें गिऱ्हाईक मासा ताजा आहे का हें विचारीत नाहीं. तो तळ्यांतला कीं खाडींतला, आणि खाडींतला असेल तर कोणत्या खाडींतला, एवढें आधीं विचारतें.